जेलवाल्या मॅडम

आमच्या पोरीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. ताटात शिरा पडला आणि खिल्लारे मॅडमनी पर्स उघडून वीज मोजायचा मल्टीमीटर बाहेर काढला. लाल तार शिऱ्याच्या एका अंगाला खुपसली, काळी दुसऱ्या अंगाला, आणि आकड्याकडे बघत बसल्या. शेजारी नवऱ्या मुलाचे आजोबा होते. त्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला आणि मला डोळ्यांनीच विचारलं, यात काही आहे का?

"तूप लई हाय," मॅडम म्हणाल्या. "करंट जायलाच तयार न्हाई."

आजोबांचा चेहरा खुलला. मुलीकडच्यांनी तुपात हात आखडला नाही याचा असा विजेवरचा पुरावा आजवर कुठल्या सोयरिकीत मिळाला नसेल. त्यांनी शिरा दोनदा मागून घेतला.

शशिकला खिल्लारे कळमनुरीला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. त्यांची प्रयोगशाळा आणि आमचा मराठी विभाग यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अर्धी लाकडाची. त्यामुळे गेली दहा-बारा वर्षं मी इकडे अलंकार शिकवतो आणि पलीकडून रोधाचं सूत्र ऐकू येतं. त्या आखाडा बाळापूरहून रोज एसटीने येतात. उंची बेताची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चाल अशी की मागून येणाऱ्याला वाटावं यांची गाडी सुटायला आली आहे. वर्गात पुस्तकातली मराठी बोलतात, पण राग आला किंवा आनंद झाला की बाळापूरची बोली बाहेर येते. बहुतेक वेळ त्या या दोनपैकी एका अवस्थेत असतात, म्हणून पुस्तकातली मराठी आमच्या कानावर तशी कमीच पडते.

त्यांच्यापुढे 'अंदाजे' हा शब्द काढायची सोय नाही. "मॅडम, अंदाजे अकराला बैठक आहे," असं कोणी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "अंदाजे म्हंजे किती?" एकदा बाजारात हळदवाल्या म्हातारीने सांगितलं, "घे माय, अंदाजे पावशेर हाय." मॅडमनी तिथेच उभं राहून तिला पाऊण तास मोजण्याचं महत्त्व समजावलं. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं समदं बराबर हाय. पर आता घेता का न्हाई?"

त्यांच्या पीएच.डी.च्या अभ्यासाचा विषय म्हणजे जेल. कैद्यांचं नव्हे, थलथलणारं. पण आमचे शिपाई गणपतराव यांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही. मॅडमचा मोबाईल प्रयोगाच्या वेळी बंद असतो, म्हणून त्यांचे पाहुणे ऑफिसात फोन करतात. वसमतच्या एका मावसभावाने असाच फोन केला. गणपतरावांनी सांगितलं, "मॅडम जेलमधी हायेत. चार वाजेपर्यंत सुटनार न्हाईत." मावसभाऊ तीन वाजता वकिलाला घेऊन कॉलेजच्या फाटकात हजर झाला. मॅडमनी दोघांना आत नेऊन जेल दाखवलं. वकिलाने बोट लावून बघितलं आणि "छान आहे" म्हणाला.

हे जेल काय प्रकरण आहे ते मला भाषेच्या माणसाला जेवढं कळलं तेवढं सांगतो. बाभळीचा डिंक, जवस भिजवून निघालेला चिकट बुळबुळीत रस, थोडं ग्लिसरीन, मीठ आणि पाणी. हे एका विशिष्ट रीतीने शिजवून, थापून निववलं की खरवसासारखी पट्टी तयार होते. ती ताणली तर लांबते, सोडली तर मागे येते, आणि महत्त्वाचं म्हणजे तिच्यातून वीज वाहते. तांब्याची तार वाकवून वाकवून तुटते, ही तुटत नाही. अंगावर ठेवली तर कातडीसारखी बसते. जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळांत अशा मऊ पदार्थांवर काम चाललेलं आहे, तिथे महागडी रसायनं असतात. मॅडमनी ठरवलं, आपण आपल्या बाजारात मिळतं त्यातून करायचं. बाभूळ बांधावर आहे आणि जवस घरोघरी चटणीला असतोच.

एकदा त्यांनी अशी पट्टी माझ्या बोटावर बसवली, दोन्ही टोकांना तारा जोडल्या आणि म्हणाल्या, "सर, बोट वाकवा." मी वाकवलं. वीज किती अडते त्याचा आकडा चढला. सरळ केलं, आकडा उतरला. मग म्हणाल्या, "आता चहाच्या गिलासाला लावा." लावलं. आकडा भराभर खाली आला.

"ताणलं की वाट लांबते, म्हणून वीज अडते. गरम झालं की मिठाचे कण चपळ होतात, म्हणून वीज पळते. कळलं?"

"कळलं."

"तुम्हाला कळलं म्हंजे कुनालाबी कळंल," त्या समाधानाने म्हणाल्या आणि वहीत तशी नोंद केली. पुढे पाच वर्षं त्या प्रत्येक नवा निष्कर्ष आधी मला येऊन सांगायच्या. मला कळला तर प्रबंधात जायचा. विद्यापीठाच्या नियमात ही पायरी नव्हती. मला मात्र तेव्हापासून विज्ञानाच्या प्रगतीत आपला वाटा असल्यासारखं वाटू लागलं.

तयार पट्ट्या थंड जागी ठेवाव्या लागतात आणि कॉलेजात फ्रीज एकच, स्टाफरूममधला. मॅडमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नमुना क्रमांक सात' असं लिहिलेलं होतं. आमच्या उपप्राचार्यांना तो मिठाईचा प्रकार वाटला. निकाल चांगला लागलेला होता आणि कोणीतरी काहीतरी वाटलं असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. दुपारी बातमी फुटली. मॅडम धावत त्यांच्या खोलीत गेल्या. सगळ्यांना वाटलं आता 'तकलीफ तर न्हाई ना' असं विचारतील. त्यांनी विचारलं, "किती खाल्लं? नग सांगा."

"दोन... अंदाजे दोन," उपप्राचार्य म्हणाले.

"अंदाजे म्हंजे किती?"

उत्तर द्यायला ते थांबू शकले नाहीत. ग्लिसरीनचा पोटावर काय परिणाम होतो ते मॅडमना ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. तो दिवस त्यांनी बहुतेक खोलीबाहेरच काढला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्यासाठी घरून ताक आणलं आणि डब्यांवर नवीन अक्षरं लिहिली: 'हे खायचं न्हाई.'

हसण्यावारी न्यायच्या या गोष्टी झाल्या. पण ते काम सोपं नव्हतं. सुरुवातीला तर आकडा एका जागी थांबायचाच नाही. तारा लावल्या की चढत राहायचा, दर मिनिटाला वेगळा. आठवडाभर मॅडम तारा काढायच्या, परत लावायच्या. मग एका सकाळी एसटीतून उतरल्या त्या थेट आमच्या विभागात.

"सर, हिंगोलीच्या डेपोत गाडी लागली की समदे लोक काय करतात?"

"दारावर गर्दी करतात."

"मग आत कोनी जाऊ शकतं का?"

"नाही."

"माझं मीठ तसंच करून राहिलं! वीज एकाच दिशेनं सोडली की समदे कण एका तारेशी जाऊन गर्दी करतात. त्यांना मागं-पुढं, मागं-पुढं हलवत ठेवायला पायजे." आणि गेल्या. दिशा बदलत राहणारी वीज सोडणारं यंत्र त्यांनी जुन्या सामानातून स्वतः जुळवलं, आणि आकडा एका जागी उभा राहिला. त्या दिवशी त्यांनी गणपतरावांसकट सगळ्या विभागांना चहा पाजला.

खरी कसोटी पुढे होती. सहा महिन्यांनी एकदा विद्यापीठात समितीपुढे उभं राहून काम किती झालं ते सांगावं लागतं. आठव्या खेपेला मी त्यांच्यासोबत गेलो होतो, मलाही तिथे दुसरं काम होतं. मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मॅडमनी आलेख दाखवला. वर्षभराचे ठिपके एका रेघेत शहाण्यासारखे बसलेले, फक्त एका ठिकाणी मूठभर ठिपके भलतीकडेच पळालेले.

"हे काय?" समितीतल्या एका वरिष्ठ सरांनी विचारलं.

"मे महिना, सर."

"बाकी सगळं उत्तम आहे. एवढे काढून टाका. मोजण्यातली चूक म्हणून सोडून देता येतं. दोन महिन्यांत प्रबंध सादर होईल तुमचा."

ते सर काही वाईट बोलत नव्हते, त्यांच्या परीने मदतच करत होते. मॅडमचं वय पन्नाशीला टेकलेलं. मुदत संपत आलेली. मी मनात म्हटलं, हो म्हणा बाई, एका महिन्याचा तर प्रश्न आहे.

मॅडम उभ्या राहून चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "सर, मोजण्यात चूक असती तर काढले असते. मी तीनदा मोजलंय. आमच्या हिंगोली जिल्ह्यात मे महिना दरवर्षी येतो. तो काढून टाकला तर हे जेल तिथल्या मानसाच्या काय कामाचं?"

खोलीत थोडं हसू झालं. वरिष्ठ सर मात्र हसले नाहीत. "मग कारण शोधून आणा," ते म्हणाले. "मुदतवाढीचा अर्ज करा."

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी बसून होत्या. वारंगा फाटा मागे पडला. मग एकदम म्हणाल्या, "सर, मी येडेपना केला का?"

मी म्हटलं, "मला आलेखातलं कळत नाही. पण तुम्ही मे महिना काढला असता तर मी उद्यापासून तुमचे निष्कर्ष ऐकले नसते."

त्या हसल्या.

पुढचा उन्हाळा मी विसरणार नाही. प्रयोगशाळेवर पत्रे. दुपारी पंख्याचा वारा भट्टीतून आल्यासारखा लागायचा, तोही वीज असली तर. सुट्ट्या लागलेल्या, कॉलेज ओस. मॅडम रोज सकाळच्या गाडीने यायच्या, गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून दर तासाला पट्टी तपासायच्या. वीज गेली की यंत्र बॅटरीवर. मी घरी लोळत पडण्यापेक्षा बरं म्हणून जाऊन बसायचो. आकडा त्या सांगायच्या, लिहायचो मी.

आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, पट्टी तारांना जोडायच्या आधी त्या ती सोनाराकडून आणलेल्या नाजूक तराजूत टाकतात.

"वजन काहून करता?" मी विचारलं. इतक्या दिवसांत माझीही भाषा त्यांच्या वळणावर गेली होती.

"तुमचं वजन मे महिन्यात तेवढंच राहतं का? घाम जातो ना? हिचंबी पानी उडून जातं. मागच्या खेपेला मी वीज मोजली, तहान मोजली न्हाई."

वजन आणि आकडा शेजारी शेजारी मांडले, आणि यंदाही पळून गेलेले ठिपके एकेक करून रेघेत परत आले. चूक मोजण्यात नव्हती. पाणी किती उडालं म्हणजे वीज किती अडते, याचा नियमच तिथे दडून बसला होता. तो सापडल्यावर मॅडमनी ग्लिसरीन आणि जवसाच्या रसाचं प्रमाण बदलत बदलत अशी पट्टी काढली, जी पत्र्याखाली भर दुपारीसुद्धा ओलावा धरून राहायची. शेवटचा आकडा मी लिहिला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, पान नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय. आता बराबर हाय."

तोंडी परीक्षेला आमच्या कॉलेजातून सातजण गेलो होतो. गणपतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. उपप्राचार्य पहिल्या रांगेत. नमुना क्रमांक सातचं नाव निघालं की ते इतरांकडे ओळखीच्या नजरेने बघत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर प्रश्न विचारले. शेवटी जाड प्रबंध मिटून ठेवला आणि म्हणाले, "यातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण उन्हाळ्याचं आहे. थंड खोल्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न पडलाच नसता." ते वरिष्ठ सर तिथेच होते. टाळ्या त्यांनी सुरू केल्या. माझी छाती अशी फुगली होती की जणू प्रबंध मीच लिहिला होता. अर्थात त्यातले काही आकडे माझ्या अक्षरातले होतेच.

कॉलेजात सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. मी भाषणात त्यांना 'मराठवाड्याची विद्युल्लता' म्हटलं, त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. कार्यक्रम संपला, लोक पांगले. मॅडम शाल घडी करत माझ्याजवळ आल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "सर, येत्या रविवारी घरी जेवायला याल का? आईनं बोलावलंय." मग घाईने म्हणाल्या, "न्हाई जमलं तरी चालंल."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी गेलो नव्हतो. कोणीच गेलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं.

रविवारी आखाडा बाळापूरला उतरलो. मॅडम स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, अंगण सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मॅडमची आई दारात उभी होती. सत्तरीची बाई, हिरवं लुगडं, डोळे लेकीसारखेच चपळ. मी नमस्कार केला. तिने पदराखालून हात काढले नाहीत, तशीच मान लववली.

मी आत बसलो. मग तिने भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं, आणि मी तिचे हात बघितले. बोटं आखूड झालेली, आत वळलेली. तळव्यावर, मनगटावर जुन्या भाजल्याचे डाग, एकावर एक.

"महारोग होता," मॅडम सरळ म्हणाल्या. "मी तिसरीत होते तेव्हा. गोळ्यांनी पुरा बरा झाला, चाळीस वर्षं झाली. पन बोटांतली जान गेली ती परत आली न्हाई. चटका बसला तरी कळत न्हाई. वास आला की कळायचं."

"ही चुलीपाशीच अभ्यासाला बसायची," आई म्हणाली. "पुस्तकात कमी आन् माझ्या हाताकडं जास्त ध्यान. मधीच वरडायची, 'आई, हात!' शिकायला नांदेडला गेली तर तिथून बी जीव हितंच. म्या म्हनलं, लगीन कर. तर म्हने, मंग तुह्याकडं कोन बगंल?"

मॅडम पुढे सरकल्या. त्यांनी आईचा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पाठीवर पातळ प्लास्टिकमधली जेलची पट्टी हळूच चिकटवली. बारीक तारा मनगटावर बांधलेल्या एका डबीत गेल्या. "ताव चढला की वाजते," त्या मला म्हणाल्या. बस्स, एवढंच. परीक्षकांनी उपयोग विचारला होता तेव्हा त्यांनी 'वैद्यकीय क्षेत्रात' असं मोघम उत्तर दिलं होतं.

"लई टींटीं करती मेली डबी," आई म्हणाली. "ही कालेजात पोरायला शिकवती आन् घरी मला." पण बोलताना त्या हाताकडे अशी बघत होती, जसं कोणी नवी पाटली बघावी. "दोन महिने झाले, एकबी फोड न्हाई आला."

पहिल्या भाकऱ्या उतरल्यावर तिने ताट वाढलं आणि माझ्यापुढे न ठेवता मध्येच जमिनीवर ठेवून हात मागे घेतला. "लोक येतात," ती म्हणाली, "बसतात. जेवायच्या टायमाला त्यायला काम निघतं. तुमाला बी काम असंल तर..."

माझा हात ताटाकडे जायला क्षणभर उशीर झाला, हे मी लपवत नाही. रोग कधीच गेला आहे, हे मला कळत होतं. हाताला कळायला थोडा वेळ लागला. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. मी ताट ओढून घेतलं, भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि खाल्ली.

"आजी," मी म्हटलं, "भाकरी फार पातळ करता तुम्ही. मला आणखी दोन लागतील."

आईने पटकन तोंड चुलीकडे फिरवलं. पदराने डोळे पुसायला एक हात वर गेला, आणि दुसरा, तोल सावरायला, तव्याच्या दिशेने. मी "अहो" म्हणायच्या आत मॅडम जागेवरून उठल्या होत्या. डबी वाजायच्या आधीच त्यांनी आईचा हात धरून मागे घेतला होता, आणि तो तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून त्या चुलीपाशी बसून राहिल्या.